‘वर्ग आवरणं अर्ध्या दिवसाचं काम’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

उन्हाळी सुट्टीआधी शाळेचा वर्ग कसा आवरून ठेवावा, यावरच्या ‘मे महिन्यात वर्ग मिटवताना’ या माझ्या लेखावर आलेली एक प्रतिक्रिया खाली जशीच्या तशी देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणाला वाटायला नको.

‘‘मॅडम, वर्ग आवरणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्याचं एवढं पुराण कशाला? दीड महिना भरपगारी सुट्टी घ्यायची आणि वर दमल्याचा आव आणायचा. सुट्टीनंतर मुलं वाचायला विसरलेली असतात, त्यावर लेखात एक ओळ नाही. आणि फळ्याचा रंग कोकणात एका दिवसात सुकत नाही, तेवढं तरी नीट लिहा.’’

नमस्कार. आपण नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसतं वाचक म्हणते.

आधी रंगाचं बोलू, कारण तिथं आपलं बरोबर आहे. सिमेंटच्या फळ्याला काळ्या रंगाचे दोन हात द्यावेत आणि मध्ये एक दिवस ठेवावा, असं मी लिहिलं होतं. घाटावरच्या कोरड्या हवेत ते चालतं. इथे मे अर्धा सरला की हवा इतकी दमट होते की दुसऱ्या दिवशीही रंग बोटाला लागतो. त्यावर घाईने दुसरा हात दिला तर वरचा थर सुकतो आणि आतला मऊ राहतो. मग जूनमध्ये खडू घसरतो, ओल्या फडक्याने पुसलं की पापुद्रे निघतात. तेव्हा आधी पॉलिश पेपरने जुना फळा घासून घ्यावा, धूळ पुसावी, पहिला हात द्यावा, दोन दिवस थांबावं, मग दुसरा हात आणि पुढे तीन दिवस फळ्याला शिवू नये. लिहायला घेण्यापूर्वी खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करावा आणि कोरड्या डस्टरने पुसावा. हे केलं नाही तर पहिल्या दिवशी लिहिलेला ‘क’ वर्षभर पुसट दिसत राहतो. चूक माझी, मान्य.

पण ‘पुराण’ आणि ‘आव’ हे शब्द मला लागले, आणि ते लागावेत म्हणूनच आपण लिहिलेत असं वाटतं. लेख पुन्हा वाचून पाहिला. मी दमले असं त्यात एकाही ठिकाणी नाही. सुताराने पाट कसा जोडायचा ते लिहिलं तर ती माहिती, आणि शिक्षकाने वर्ग कसा मिटवायचा ते लिहिलं तर ते पुराण, हा भेद मला कळत नाही. एकोणीस वर्षं मी द्विशिक्षकी शाळेत पहिली ते तिसरी सांभाळते. एवढ्या काळात अर्ध्या दिवसात वर्ग आवरून झालेला शिक्षक मी पाहिलेला नाही. दार ओढून कुलूप लावणारे पाहिलेत, आणि त्यांच्या वर्गाचे जूनमधले पहिले पंधरा दिवस कसे जातात तेही पाहिलंय.

आता तुमचा तो अर्धा दिवस.

२०२५ मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक होतं. शेवटचा पेपर २५ एप्रिलला आणि निकाल १ मेला. मधले दिवस पाच, त्यातला एक रविवार. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभराच्या कामाचे) गुण ७० आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ३०, तिसरीला तेच ६० आणि ४०. म्हणजे एकाच शिक्षकाकडे दोन तऱ्हेची कोष्टकं. गुणांची बेरीज, तिची श्रेणी, आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. १ मेला ध्वजवंदन, मग पालकांच्या हातात प्रगतिपुस्तकं. तोपर्यंत भिंतीवरचं काही काढता येत नाही, कारण पालक वर्ग बघायला येतात आणि यावेत. तेव्हा तुमचा अर्धा दिवस उरतो तो १ मेच्या दुपारचा, पत्रा किंवा कौल तापलेलं असताना.

तक्ते काढायला तर हीच वेळ सगळ्यात वाईट. उन्हात सेलोटेपचा डिंक पाघळतो. पट्टी ओढली की कार्डशीटचा वरचा पापुद्रा चित्रासकट निघून येतो आणि भिंतीचा रंगही सुटतो. काढायचे तर सकाळी आठच्या आत, भिंत थंड असताना, पट्टी भिंतीला समांतर धरून हळूहळू मागे वळवत. तीस तक्ते आणि प्रत्येकाचे चार कोपरे, म्हणजे एकशेवीस पट्ट्या. ज्यांनी जूनमध्येच भिंतीला सुतळी बांधून तक्ते चिमट्यांनी टांगले असतील त्यांचं हे काम दहा मिनिटांत होतं. मूळ लेखात मी तेच सुचवलं होतं, ते आपण वाचलं नसावं.

तक्ता गुंडाळताना चित्राची बाजू बाहेर ठेवायची. सगळे उलट करतात, चित्र जपायचं म्हणून आत घेतात. मग दीड महिन्याने उलगडलेला तक्ता पुढच्या बाजूला वळतो, कोपरे वर्गाकडे तोंड करून उभे राहतात आणि मुलांची बोटं तिथेच जातात. चित्र बाहेर असलं की कोपरे भिंतीकडे दबतात. गुंडाळीला रबर लावू नका. मेच्या उष्म्यात रबर चिघळतं आणि कागदाला चिकटून बसतं. जुन्या साडीची काठाची पट्टी उत्तम.

रबराचीच दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिली-दुसरीच्या वर्गात शंभर काड्यांचा संच असतो: दहा-दहाचे नऊ गठ्ठे आणि दहा सुट्या. शंभरच्या वर जायचं असेल तर असे दोन संच. एप्रिलपर्यंत काड्या तुटतात, खिशातून घरी जातात, बाकाच्या फटीत अडकतात. ढीग उचलून डब्यात टाकला तर डबा बंद होतो, काम झाल्यासारखं वाटतं. पण उष्म्याने रबरं तुटतात आणि जूनमध्ये डब्यात नुसता काड्यांचा चारा मिळतो. घाईघाईने बांधलेल्या गठ्ठ्यात कधी नऊ काड्या असतात, कधी अकरा. दुसरीतलं एखादं मूल गठ्ठा सोडून मोजतंच. मोजायलाच हवं, आपणच त्याला मोजून बघ म्हणून शिकवलेलं असतं. त्याला नऊ मिळाल्या की ते बाईंकडे बघतं. दशक म्हणजे दहा, हे ज्या गठ्ठ्यावर उभं करायचं तोच खोटा निघाला, तर वजाबाकीत दशकाचा गठ्ठा सोडून सुटे करताना त्या मुलाचा हात अडखळणार. म्हणून प्रत्येक गठ्ठा सोडायचा, दहा मोजायच्या, टोकं जमिनीवर ठोकून सारखी करायची, चिरलेली काडी बाद करायची, जाड सुती दोऱ्याचे दोन वेढे आणि सरकगाठ. गाठ मुलाला सोडता आली पाहिजे. नऊ गठ्ठ्यांना पाऊण तास लागतो. शंभर मण्यांच्या माळेचंही तसंच. दर दहा मण्यांनी रंग बदलतो की नाही ते बघायचं, कारण माळ तुटून पुन्हा ओवताना एक मणी इकडचा तिकडे झालेला असतो.

अंककार्डं आणि शब्दकार्डं संच करून वेगवेगळ्या पाकिटांत, पाकिटावर संख्या लिहून. ‘अंककार्ड ० ते ९, संच ४, पैकी एक ७ नाही’ असं लिहिलेलं असलं की जूनमध्ये नवं ७ करायला दोन मिनिटं पुरतात. पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून नवा आला, तेव्हा जुनी कार्डं चाळून कुठली चालतील, कुठली नाहीत ते वेगळं करावं लागलं, तो वेळ आणखी निराळा.

सतरंज्यांवर पोषण आहाराची शितं पडलेली असतात. न धुता घडी घातली की उंदीर येतात आणि घडीच्या मधोमध कुरतडतात, म्हणजे एका भोकाची उलगडल्यावर चार भोकं होतात. धुऊन पूर्ण एक दिवस उन्हात टाकायच्या. आत ओल राहिली तर बुरशी. मग जमिनीवर रचायच्या नाहीत, खोलीत आडवा बांबू बांधून त्यावर टाकायच्या. जमिनीवरच्या गुंडाळीत विंचू राहतो. जूनमध्ये सतरंजी आधी बाहेर नेऊन काठीने झटकायची ती त्यासाठीच.

पुस्तकपेटी भिंतीला टेकवून ठेवायची नाही. वाळवी भिंतीतून मातीची नळी काढत येते, भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून विटेएवढं अंतर राखलं की ती नळी निदान दिसते तरी. भिंतीतल्या कोनाड्याचा खालचा कप्पा रिकामाच सोडावा. डांबरगोळ्या मी ठेवत नाही. जूनमध्ये एखादी राहून गेली आणि सहा वर्षांच्या मुलाने गोळी समजून तोंडात घातली तर? कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

वरून कौलं. माकडं कौलं सरकवतात, आणि वळवाच्या एका सरीत खालची पेटी भिजते. शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट बसवणं, मेअखेरीस व्हायला हवी, पण माणूस मिळेल तेव्हा होते, म्हणून तोवर सगळं सामान खोलीच्या मध्ये ओढून वर ताडपत्री टाकायची. कुठे गळतं ते आदल्या पावसाळ्यातच भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवलेलं असावं, नाहीतर कोरड्या मेमध्ये कौलं चढवणाऱ्याला काय दाखवणार? ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे वरखर्चासाठी मिळणारी सरकारी रक्कम, वर्षाला १०,००० रुपये. त्यात खडू, झाडू, दुरुस्ती सगळं आलं. एका शाकारणीत त्यातलं किती उरतं याचा हिशेब आपणच करा.

मोडकी खुर्ची फेकूनही देता येत नाही. ती शाळेच्या सामानाच्या, म्हणजे जडवस्तू नोंदवहीत चढलेली असते, निर्लेखन (नोंदीतून रीतसर कमी करणं) झाल्याशिवाय हलवायची नाही, म्हणून तीही ताडपत्रीखाली. आणि निवडणूक आली की सगळंच पुन्हा. २०२४ ला रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान ७ मेला होतं. ज्या खोलीत मतदान केंद्र, ती खोली रिकामी हवी. १ मेला बांधलेलं सामान चार दिवसांत दुसऱ्या खोलीत, आणि मतदानानंतर परत.

हे सगळं नीट करायला दोन माणसांना तीन ते चार सकाळी लागतात. तुम्ही एकदा करून मग आकडा सांगितला असता तर मी ऐकून घेतलं असतं.

भरपगारी सुट्टीचं थोडक्यात. आम्ही दीर्घ सुट्टी विभागातले, म्हणजे ज्यांना मोठ्या सुट्ट्या असतात असे कर्मचारी. पूर्ण सुट्टी घेतली त्या वर्षाची ३० दिवसांची अर्जित रजा (इतर कर्मचाऱ्यांच्या खात्यावर साठणारी भरपगारी रजा) आम्हाला मिळत नाही. रविवार सोडून वर्षभराच्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांच्या वर जाऊ देत नाहीत. शिवाय मेमध्ये चाकरमानी गावी येतात तेव्हाच शाळा सोडल्याचे दाखले मागितले जातात, मूल मुंबईच्या शाळेत घालायचं म्हणून किंवा मुंबईहून गावात आणायचं म्हणून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला तात्काळ द्यावा लागतो, ‘सुट्टी आहे, जूनमध्ये या’ असं सांगून चालत नाही. दाखला दिला की यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर ते मूल आपल्या पटावरून सोडावं लागतं, नाहीतर नव्या शाळेला ते घेता येत नाही. कोणावर उपकार करतो असं मी म्हणत नाही. पण ‘घरी बसून’ असं जे तुमच्या वाक्यामागे आहे ते मला मान्य नाही, आणि माझ्या ब्लॉगवर कोणी शिक्षकांशी या सुरात बोलावं हेही मान्य नाही.

मुलं सुट्टीत विसरतात, हा मुद्दा आहे. पण लेख खोलीबद्दल होता, मुलांच्या वाचनाबद्दल नव्हता. ‘यावर का लिहिलं नाही’ असं कोणत्याही लेखाला म्हणता येतं. २०२२ पासून एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो, पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आया सुट्टीभर गटाने कृती करून घेतात, जूनमध्ये दुसरा मेळावा होतो. त्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, लिहीन तेव्हा लिहीन.

मूळ लेखातली रंगाची ओळ आज सकाळी दुरुस्त केली आहे. ज्यांनी जुनी वाचून एका दिवसाने दुसरा हात दिला असेल त्यांनी फळ्यावर नख ओढून पाहावं. नखाला काळं लागलं तर त्यावर आत्ता लिहू नका, खिडक्या उघड्या ठेवून आणखी चार दिवस जाऊ द्या. पापुद्रा सुटत असेल तर मात्र घासून पहिल्यापासून करावं लागेल, आणि ते पाऊस लागायच्या आत.