कालिब्राज माझं चुकलं, पण मिराज नाही

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, रात्री एकदा आणि सकाळी चहा झाल्यावर एकदा, कारण रात्री जरा रागच आला होता. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी औषध कंपन्यांचे फ्रेंच कागद इंग्रजीत करते. सर 22 वर्षं औषधाच्या गोळ्यांच्या (टॅब्लेटच्या) प्लांटमध्ये होते, मागच्या लेखात मी फ्रेंच ‘कालिब्राज’चं इंग्रजी कॅलिब्रेशन केलं ते त्यांनी पकडलं, आणि वर त्यांचं म्हणणं असं की ज्यांनी प्लांटचं तोंड बघितलं नाही त्यांनी मूळ कागदात आहे ते शब्दाला शब्द उतरवावं, स्वतःचं डोकं चालवू नये, पुढचं क्वालिटीवाले बघतील.

चूक माझीच, शंभर टक्के. ग्रॅन्युल, म्हणजे गोळ्यांसाठी ओल्या पावडरीचे केलेले दाणे, वाळले की गाठी फोडून चाळणीतून काढतात, माल एकसारख्या दाण्याचा होतो आणि मग गोळ्या दाबायला जातो, त्या चाळण्याला फ्रेंच माणूस कालिब्राज म्हणतो आणि तुमच्याकडे साइझिंग. वजनकाटा नाहीतर प्रेशर गेज कॅलिब्रेट करायचं, म्हणजे बरोबर दाखवतंय का ते ताडून बघायचं असेल तर त्यांचा शब्दच वेगळा आहे, एतालोनाज. आणि लाज वाटायची गोष्ट म्हणजे फळं साइजप्रमाणे वेगळी करण्यालाही फ्रेंचमध्ये कालिब्राजच म्हणतात, माझं माहेर तासगावचं, बेदाणा चाळण्यांवरून खाली पडताना बघत मोठी झाले, तरी ट्यूब पेटली नाही.

पण सर, एक बघा की. ही चूक झाली कशानं? डोकं चालवलं म्हणून नाही, नाही चालवलं म्हणून. कालिब्राज दिसलं, कॅलिब्रेशन लिहिलं, पुढं गेले. शब्दाला शब्द म्हणताय ते हेच की ओ!

मिराजचं तर मी अजिबात मागं घेणार नाही. त्या फ्रेंच शब्दाचं मी इंग्रजीत व्हिज्युअल इन्स्पेक्शन लिहिलं तर तुम्ही विचारता मूळात इन्स्पेक्शन कुठंय. नाहीये. (आणि खाली कुणीतरी विचारलंय म्हणून सांगते, आमच्या मिरजेचाही काही संबंध नाही.) पोल्ट्रीत अंडं बल्बसमोर धरून आत काय आहे ते बघतात ना, तो हा शब्द. इंजेक्शनची बाटली हातात घ्यायची, बुडबुडे न होऊ देता हळूच उलटी करायची, पाच सेकंद पांढऱ्या पाटीसमोर धरायची, पाच सेकंद काळ्या, धागा नाहीतर काचेचा कण तरंगतोय का बघायचं. युरोपियन फार्माकोपियात (औषधांच्या दर्जाचे नियम असलेला ग्रंथ) उजेड किती पाहिजे तेपण दिलंय, 2000 ते 3750 लक्स. आता हे इंग्रजीत ‘मिराज’ असंच ठेवलं तर वाचणाऱ्याला वाटणार माणसं पगार घेऊन मृगजळ बघत बसलीत. फार्माकोपियाचं एक बरं असतं, त्यांचं ऑफिस स्ट्रासबुर्गला, तिथून तो इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत अधिकृत काढतात, दोन्ही शेजारी शेजारी उघडले की पुष्कळ शब्द तिथंच मिळतात. अडतं ते शॉप फ्लोअरवरच्या शब्दांना.

आणि क्वालिटीवाले बघतील म्हणताय त्याचं सांगते. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीची पॅकिंगची एसओपी (काम कसं करायचं ते लिहिलेला कागद) तपासायला आली होती, भाषांतर दुसऱ्या कुणाचं तरी. त्यात ‘व्हीद द लीन्य’चं ‘लाइन व्हॅक्यूम’ केलेलं. व्हीद म्हणजे रिकामं आणि व्हॅक्यूमलाही तोच शब्द, म्हणजे डिक्शनरी काढून भांडायला बसलं तर तो भाषांतरकार जिंकेल. पण तुम्हाला मी सांगायला नको, ते लाइन क्लिअरन्स आहे, आधीच्या बॅचचं एक लेबल, एक कार्टन, एक गोळीसुद्धा लाइनवर राहिली नाही हे बघून सही करायची. क्वालिटीवाल्यांनी हा कागद बघितला होता सर, खाली सही होती. बाजूला मेंटेनन्सवाल्यानं पेन्सिलनं लिहिलेलं, व्हॅक्यूम पंप किती कपॅसिटीचा?

शॉर्टफॉर्मचा घोळ वेगळाच. त्यांचं एलएएफ म्हणजे तुमचं एफबीडी, गरम हवेनं ग्रॅन्युल वाळवायचं मशीन, आणि आपल्याकडं एलएएफ म्हणजे लॅमिनार एअर फ्लो, गाळलेल्या स्वच्छ हवेची जागा, तेव्हा ‘एलएएफमध्ये वाळवा’ असंच ठेवलं तर ओले ग्रॅन्युल कुठं नेऊन ठेवतील देव जाणे. स्वल्पविरामाचं तर विचारूच नका, फ्रेंच कागदावर 2,500 किलो म्हणजे अडीच किलो, आपल्याकडं अडीच हजार. तिथं पण आहे तसंच ठेवू का?

प्लांट मी दोनदाच बघितलाय, तोपण कॉरिडॉरच्या काचेतून, हे मान्य. म्हणून तर विचारत फिरते. तुमच्या प्रतिक्रियेनंतर जुन्या फाइली काढून बसले, एका बॅच रेकॉर्डमध्ये (एक बॅच कशी बनवली त्याची नोंद) माझं तेच चुकीचं कॅलिब्रेशन सापडलं, क्लायंटला मेल टाकलाय, अजून उत्तर नाही.

आता तुम्ही भेटलाच आहात तर एक सांगा. सध्या एपीआयची, म्हणजे औषधातल्या मूळ रसायनाची, एक फाइल चालूय. त्यात सेंट्रीफ्यूजमध्ये केक, म्हणजे गाळून मागं राहिलेला ओला थर, धुवायचा (केकला फ्रेंचमध्येपण केकच, कधीकधी शब्दाला शब्द जमतं, खोटं कशाला बोलू) आणि मग एक ‘एसोराज’ आहे, अर्धा तास. धुणं पिळायलाही ते हाच शब्द वापरतात. मी आत्ता ‘स्पिन ड्राय’ लिहून ठेवलंय. तुम्ही टॅब्लेटवाले, माहितीय, पण तुमच्या ओळखीत कुणी एपीआयचा ऑपरेटर असेल तर रेकॉर्डमध्ये ते काय लिहितात तेवढं विचाराल का? फाइल शुक्रवारी द्यायचीय.