ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल : ‘थंड गाडी, बंद इंजिन’ हा सल्ला का चुकतो

पावसाळ्याआधी गाड्यांची कामे निघाली की रत्नागिरी-चिपळूणकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल सकाळी गाडी थंड असताना, इंजिन बंद ठेवून तपासावे. लेव्हलचा बोल्ट काढल्यावर ऑइल आले तर ते पुरेसे समजावे. घाट चढणाऱ्यांनी अर्धा लिटर जास्त भरावे. आणि हे ऑइल आयुष्यभराचे असल्याने बदलू नये, असा त्याचा आशय. झेडएफ या जर्मन कंपनीचा ८एचपी हा आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या बीएमडब्ल्यू एम३४०आयसारख्या ताकदवान गाडीला हा सल्ला लावणे म्हणजे महागडा गिअरबॉक्स हाताने बिघडवणे आहे.

सर्वांत घातक मुद्दा बंद इंजिनाचा. या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी नसते. ठरलेल्या उंचीवरच्या भोकातून जादा ऑइल वाहून जाते आणि उरते ती लेव्हल. मात्र ऑइलचा पंप इंजिनावर फिरतो आणि तो फिरत असताना बरेच ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) व इतर वाटांमध्ये खेळत असते. इंजिन बंद केले की त्यातले काही खाली चेंबरमध्ये उतरते व तिथली लेव्हल चढते. म्हणून बंद गाडीत बोल्टातून धार लागली, तरी चालू गाडीत ऑइल कमी असू शकते. डिपस्टिक असलेल्या होंडा गाड्यांत इंजिन गरम करून बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांत ऑइल पाहतात. ती पद्धत त्या गिअरबॉक्सपुरती बरोबर आहे, ८एचपीला नाही.

तापमानाचे तसेच. ऑइल तापले की फुगते, म्हणून ८एचपीची तपासणी ऑइल ३० ते ५० अंश सेल्सिअस असताना, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर काही सेकंद टाकून पाहिल्यावर पार्कमध्ये करायची असते. हे तापमान गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर पाहावे. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाचे सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पहाटेच ऑइल तिशीच्या आसपास असते, त्यामुळे ते पन्नाशी ओलांडण्याआधी हाताशी वेळ थोडा असतो. आंबा घाट उतरून आलेल्या गाडीचा बोल्ट लगेच काढला तर फुगलेले ऑइल नाहक वाहून जाते. माझ्या गाडीचे एका गॅरेजात नेमके हेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘डी’मध्ये टाकल्यावर ती दोन सेकंद जागची हलली नाही आणि मग धक्का देऊन सुटली, नीट मोजून भरले तेव्हा पाऊण लिटर ऑइल आत गेले. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी, हेही त्याच वेळी कळले. उतरत्या अंगणात पुढच्या चाकांखाली जांभ्याचे चिरे लावून घेतलेली लेव्हल खोटी असते, आणि चिरा फुटला तर खाली असलेल्या माणसाचा जीव जातो.

घाटासाठी अर्धा लिटर जास्त, हे ऐकायला पटते. प्रत्यक्षात वर आलेले ऑइल फिरणाऱ्या भागांना लागून घुसळले जाते, त्यात हवा मिसळून फेस होतो, फेसाने दाब धरवत नाही, क्लच घसरतात आणि ऑइल आणखी तापते. म्हणजे ज्या चढासाठी ते भरले, तिथेच ते दगा देते.

राहिले ‘आयुष्यभराचे ऑइल’. खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे, यांतले जे आधी येईल तेव्हा ते बदलायला सांगते. बदलताना जुने ऑइल सोडण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट सुटतो का, हे आधी पाहावे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तो जाम झालेला असला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी तिथेच अडकते.