चावी कुणाकडे, आणि ‘ऱ’ कुणाचा?

दिवाळीच्या फोनवर दादाने पुन्हा तोच विषय काढला. ‘इंटरनेटची चावी अमेरिकेच्या खिशात. संयुक्त राष्ट्रांकडे द्या म्हणावं सगळं!’ मी आम्स्टरडॅममध्ये नेटवर्कचंच काम करते, त्यामुळे डोकं सणकलं.

त्याचं निम्मं खरं आहे. डोमेन नावांची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची, मूळ यादी सांभाळणारी आयकॅन ही संस्था १९९८ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली चालते. ही यादी जगाला पुरवणारे रूट सर्व्हर चालवणाऱ्या १२ संस्थांपैकी ९ अमेरिकी. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने आपली देखरेख सोडली, हे दादाच्या गावीही नाही. २०११ मध्ये भारतानेच संयुक्त राष्ट्रांत इंटरनेटच्या कारभारासाठी ५० देशांच्या समितीचा प्रस्ताव मांडला होता. २०१५ मध्ये आपणच सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ, नागरिक अशा सगळ्यांच्या एकत्र कारभाराला पाठिंबा दिला. बरं केलं. २०२२ मध्ये युक्रेनने रशियाचं डॉट आरयू रद्द करायची मागणी केली आणि आयकॅनने ती नाकारली. माझं मन युक्रेनकडे आहे, तरीही सांगते, हे देशांच्या मतांवर सोडलं तर आज रशिया, उद्या कोण? इथलं डॉट एनएल आर्नहेमचं एक प्रतिष्ठान चालवतं, सरकार नव्हे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

‘तुला काय, तू तिथे बसून बोलणार,’ दादा म्हणाला. झोंबलं.

देवनागरी डोमेन नावांत कोणती अक्षरं चालतील याचे नियम ठरवायला आयकॅनमध्ये भाषातज्ज्ञांचा गट बसला होता. हिंदीचं ‘ऱ’वाचून अडत नाही, आपल्याला ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ लिहायचं असतं. तो ‘ऱ’ नियमांत आला, पाय मोडलेल्या रूपात का होईना. माझ्या लेखी सार्वभौमत्व म्हणजे हे. अशा बैठकांना आपली किती माणसं जातात, ते दादाने विचारावं.

बाबांचं दुकान बंद होऊन वर्षं लोटली. त्याचं नाव मी डॉट भारतमध्ये घेऊन ठेवलंय. त्यावरचा देवनागरी ईमेल इथल्या एका फॉर्ममध्ये भरला, तर लाल अक्षरांत ‘पत्ता चुकीचा’. तोच भारतातल्या एका कार्यालयाच्या फॉर्ममध्ये भरला. तिथेही लाल अक्षरं, आणि तीही इंग्रजीत. तेव्हा मात्र मला रडू आलं.

दरवर्षी त्या नावाचे पैसे भरताना पत्ता म्हणून ठाण्याचं घर लिहायचे. यंदा इथला लिहिला. दादाला अजून सांगितलेलं नाही.