दोरीवरचे कपडे काढा म्हणे, व्ह्यू खराब होतो

काल परत स्टाफच्या ग्रुपवर फोटो आला. आमच्या क्वार्टरच्या मागं बांधलेली दोरी, त्यावर नवऱ्याचा युनिफॉर्म, माझे दोन ड्रेस, टॉवेल, आणि खाली तेलाच्या डब्यात लावलेली तुळस. सगळ्याला लाल पेननं गोल मारलेले आणि खाली मॅनेजरचा मेसेज, वरच्या व्हिलाच्या बाल्कनीतून हे दिसतं, गेस्टचा लेक व्ह्यू खराब होतो, उद्या सकाळपर्यंत सगळं काढून टाका. खाली चार जणांनी ओके सर लिहिलं. मी नाही लिहिलं. रात्रभर डोकं तापलंय माझं, म्हणून आज इथं लिहिते, लांबेल, पण वाचा.

पवना धरणाच्या पाण्याकाठी व्हिलांची एक मोठी सोसायटी आहे, तिथं मी आणि नवरा जोडप्यानं कामाला आहोत. मी हाउसकीपिंग बघते, तो बाग, पूल आणि जनरेटर. नाव सांगत नाही, पोटाचा प्रश्न आहे. समोर तुंग, तिकोना, पलीकडं लोहगड, शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग. मालक लोक वेगवेगळे आहेत, वर्षातून चार वेळा येतात, बाकी वेळ व्हिला भाड्यानं. आणि प्रत्येकाला आपली व्हिला शेजारच्यापेक्षा भारी दिसायला पाहिजे, म्हणून सारखं इंटिरियर बदलणं चालू असतं.

आता तुळशीचंच बघा. याच महिन्यात क्लब हाउसच्या लॉबीत एक दगडी तुळशी वृंदावन आणून बसवलंय. जुनं आहे, कुठल्यातरी वाड्यातलं, चार माणसांनी टेम्पोतून उतरवलं. वर प्लास्टिकचं झाड खोचलंय, कारण एसीत खरी तुळस जगत नाही, आणि भोवती पिवळे लाइट. त्याच्यापुढं उभं राहून गेस्ट फोटो काढतात. तिथं दिवा लावायला परवानगी नाही, काजळी धरेल म्हणतात. आणि मी रोज आंघोळ करून ज्या तुळशीला पाणी घालते, ती म्हणे घाण दिसते! अहो ती जिवंत आहे! मला हे कुणीतरी समजावून सांगा की कुठल्या हिशेबानं ते डेकोर आणि माझं ते कचरा.

आणि एवढंच नाहीये. एका व्हिलात 'गावाकडची थीम' केलीये. जातं घेतलं, त्यावर काच टाकली आणि सोफ्याशेजारी टेबल केलं. लोक त्याच्यावर दारूचे ग्लास ठेवतात, पाय ठेवतात. आमच्यात एक मावशी आहेत, शेजारच्या गावातून रोज चालत येतात, झाडू-पोछा करतात. त्यांनी पहिल्या दिवशी ते बघितलं आणि हात जोडून बाजूला झाल्या. त्यांच्या सासरचं जुनं घर या धरणाच्या पाण्यात गेलं. पन्नास वर्षं होऊन गेली धरणाला, पाणी पार पिंपरी-चिंचवडला जातं, आणि इथल्या शेकडो धरणग्रस्त कुटुंबांना बदली जमीन मिळायला म्हाताऱ्या माणसांनी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ वर येतं, मग हेच गेस्ट तिथं जाऊन व्हिडिओ करतात. मावशी पण जातात, नारळ घेऊन. त्या बाईला आता त्याच पाण्याकाठी दुसऱ्याच्या घरात जात्यावरचे सांडलेल्या बिअरचे डाग पुसावे लागतात, आणि वर डिझायनर मॅडम त्यांनाच विचारतात की मावशी तुमच्याकडं असं अजून काही जुनं पडलंय का, आम्ही चांगले पैसे देऊ. मावशी काही बोलल्या नाहीत. मला मात्र त्या क्षणी ते टेबल उचलून बाहेर ठेवावंसं वाटलं होतं.

बरं, दिसण्याचं राहू दे. जे आणून ठेवतात ते इथं टिकतं का हे तरी बघा की! हा मावळ आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात साडेसातशेच्या आसपास, म्हणजे पाचपट फरक. पवनेच्या खोऱ्यात जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, धुकं खिडकीतून आत येतं, मीठ-साखर डब्यात पाणी सोडते. आणि अशा ठिकाणी पांढऱ्या लोकरीसारख्या कापडाचा सोफा! ज्यूटचे रग! भिंतीवर सुती दोऱ्यांची मॅक्रमे! फुलदाणीत त्या पाम्पास ग्रासचे तुरे, ज्याचा भुसा रोज फरशीवर पडतो आणि ओल लागली की काळा पडून वास मारतो! ज्यूटला ओल बसली की खालून बुरशी धरते, वरून कळत नाही, उचलल्यावर कळतं आणि तोवर फरशीवर तपकिरी डाग उमटलेला असतो. वेताच्या खुर्च्यांना भुंगा लागतो, रोज सकाळी खाली पिठासारखी पूड. पावसाळ्याच्या तोंडाला पंखवाली वाळवी लाइटवर येते, ती त्या विणलेल्या वेताच्या झुंबरांत हजारांनी अडकून मरते आणि आम्ही स्टुलावर चढून टूथब्रशनं काढतो, एक-एक भोक. कुणी विचारलं होतं का आम्हाला हे झुंबर लावायच्या आधी? एकदा तरी? आम्ही सांगितलं असतं की बाई, काचेचा साधा गोळा लावा, दोन मिनिटांत पुसून होतो.

बाथरूममध्ये ट्रॅव्हर्टाइन बसवलंय. दगड दिसायला सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण तो चुनखडीचा आहे, त्याला अॅसिड चालत नाही, लिंबू-व्हिनेगरसुद्धा चालत नाही, लगेच पांढरा चट्टा पडतो आणि तो परत जात नाही, पॉलिशवाला बोलवावा लागतो. आणि स्टोअरमधून आम्हाला देतात काय, तर अॅसिडवालंच टॉयलेट क्लीनर, कारण ते स्वस्त पडतं. झारखंडचा एक पोरगा नवीन आला होता, त्याला कुणी काही शिकवलं नाही, त्यानं आपलं नेहमीसारखं टाकून घासलं. त्याच्या पगारातून पैसे कापले. त्या पोराचा काय दोष? ज्यानं तो दगड निवडला त्यानं साफ कसा करायचा हे लिहून दिलं नाही, ज्यानं क्लीनर खरेदी केलं त्यानं बाटलीवरचं वाचलं नाही, आणि पैसे कापले कुणाचे तर सगळ्यात कमी पगार असणाऱ्याचे. मी भांडले त्याच्यासाठी. अर्धेच परत मिळाले.

तळ्याच्या बाजूला दुमजली उंचीची काच आहे. पाऊस आडवा येतो तिकडून, सगळी काच चिखलाच्या थेंबांनी भरते. चेकआउट अकराला, चेकइन एकला. मधल्या दोन तासांत चार बेडरूम, पाच बाथरूम, किचन, रात्रीच्या बार्बेक्यूची राख, पूलमध्ये पडलेले ग्लास, आणि ही काच. शिडी लावून, एक जण खाली धरतो, एक वर. बेल्ट नाही काही नाही. ओल्या डेकवर शिडी सरकते. त्या काचेवर लाखो रुपये गेले असतील आणि बेल्ट मागितला तर म्हणतात बघू, पुढच्या बजेटमध्ये. मग एखादा पडल्यावर बघणार का तुम्ही?

आता आमचं क्वार्टर. जनरेटर रूमच्या मागं, सिमेंटच्या पत्र्याचं, दहा बाय दहाची खोली जोडप्याला, आणि कामावरच्या एकट्या पोरांना एका हॉलमध्ये आठ जण. भिंतीला ओल इतकी की पोपडे गादीवर पडतात. पत्रा दोन ठिकाणी चिरलाय, तिथं ताडपत्री टाकलीये. गिझर नाही. सकाळी तासभर पाणी येतं, खिडकीतून समोर अख्खं धरण भरलेलं दिसतं आणि आम्ही बादल्या भरून ठेवतो. गेस्टचे टॉवेल ड्रायरमध्ये सुकतात, तो ड्रायर आम्हाला वापरायचा नाही. नवरा दिवसभर पावसात बागेत असतो, त्याला युनिफॉर्म दोनच दिलेत, आणि सकाळी ओला युनिफॉर्म घातला तर ग्रूमिंग बरोबर नाही म्हणून बोलणी. मग सांगा कपडे वाळवायचे कुठं? हवेत? खोलीत दोरी बांधली तर भिंतीला खिळे मारायचे नाहीत असा नियम आहे. देवाचा फोटो सुद्धा मी टेकवून ठेवलाय, खिळा नाही म्हणून. घर सजवायची हौस फक्त मालकाला असते असं कुणी ठरवलं? मला पण वाटतं की आपल्या खोलीला एक पडदा असावा, दारात रांगोळी असावी, एक शेल्फ असावं. दिवसभर दुसऱ्याच्या उशा चार-चार कोनात लावायच्या, रात्री स्वतःच्या खोलीत भिंतीकडं बघायची इच्छा होत नाही, असं जगायचं का माणसानं?

मी चंदगडची आहे. आमच्याकडं पण असाच कोसळतो पाऊस, म्हणून मला कळतं की पावसातलं घर कसं असतं. उताराची कौलं, छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर काढलेलं, पावसाळ्याआधी भिंतीला गवताची झड बांधायची म्हणजे आडवी सर लागत नाही, पुढं पडवी, ओलं सगळं पडवीत. चुलीचा धूर वर जायचा, वाशांना कीड लागायची नाही, माळ्यावरचं भात कोरडं राहायचं. इथल्या मावळातल्या जुन्या घरांतही तशीच पडवी आहे, मावशींच्या आताच्या घराला आहे. आणि हे मोठमोठे आर्किटेक्ट इथं सपाट स्लॅब टाकतात, छज्जा ठेवत नाहीत कारण लाइन क्लीन दिसत नाही, मग दरवर्षी स्लॅब गळतो, दरवर्षी वॉटरप्रूफिंग, आणि बादल्या घेऊन पळायला आम्ही. हे लोक शिकलेले आहेत ना? मग डोंगराकडं तोंड करून एक पावसाळा इथं बसा आणि मग नकाशा काढा.

सुट्टीचं तर बोलायलाच नको. २०१७ चा दुकानं आणि आस्थापनांचा कायदा आहे महाराष्ट्राचा, त्यात आठवड्याला सलग चोवीस तास सुट्टी आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर लिहिलाय. पण तो पूर्ण लागू होतो वीस किंवा जास्त माणसं असली तर, २०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहाची होती, आणि इथं काय करतात, प्रत्येक व्हिलाचा मालक वेगळा दाखवतात, प्रत्येकाकडं स्टाफ तीन-चार. आणि राबवून घेताना मात्र तीच चार माणसं सहा व्हिलांत. जुलैत भाताची लावणी असते, इथल्या बायकांची इंद्रायणीची खाचरं तयार असतात, चार दिवस सुट्टी पाहिजे असते, तेव्हाच यांचा मॉन्सून सीझन जोरात. सुट्टी घेतली तर उद्यापासून येऊ नका. अहो ज्या हिरव्यागार खाचरांचे फोटो तुम्ही बुकिंगच्या पानावर टाकता, ती याच बायका लावतात! त्यांनी लावली नाहीत तर तुमचा व्ह्यू काय असणार आहे?

आता मूळ दुखतं ते लिहिते. कामाला ठेवताना सांगितलं होतं, जोडपं पाहिजे, मूल चालणार नाही. माझी पोरगी सासूकडं आहे गावाला, सहाव्या वर्षात आहे. मे महिन्यात आणली होती तर मॅनेजर म्हणाले गेस्ट असताना तिला खोलीच्या बाहेर सोडू नका. त्याच आठवड्यात एका व्हिलात पोरांची खोली केली, छतापर्यंत झाड रंगवलं, झोपाळा, तंबू, लाकडी खेळणी. मालकांची नातवंडं येतात तेव्हा उघडायची, बाकी वर्षभर बंद, आठवड्यातून दोनदा धूळ पुसायला मी. पोरगी माझ्याबरोबर दारात उभी राहून बघत होती, आई मी आत जाऊ का विचारत होती, आणि मला नाही म्हणावं लागलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

मालकांना, डिझायनरना, मॅनेजरना, सगळ्यांना सरळ सांगते. आम्हाला तुमच्या सोफ्यावर बसायचं नाहीये. पत्रा बदला, मागच्या बाजूला एक पडवी काढून द्या, खिळे मारू द्या, शिडीला बेल्ट द्या, आणि पुढच्या वेळी सामान निवडताना मावशींना एकदा शेजारी बसवून विचारा. गवंड्याकडून मी पत्रा आणि पडवीचा खर्च लिहून घेतलाय, सोमवारी ऑफिसात ठेवणार आहे. एका सोफ्याच्या किमतीत दोन्ही होतं आणि वर पैसे उरतात.

आणि पवना, मुळशी, पानशेत, वरसगाव, कुठंही धरणाकाठच्या रिसॉर्टला किंवा व्हिलात जोडप्यानं कामाला असाल तर मला सांगा, तुमच्याकडं मूल ठेवू देतात का? लेखी देतात का? जूनमध्ये पोरीला पहिलीत घालायचीये. पवनानगरला शाळा आहे, मी चौकशी करून आलेय, फॉर्म घरी आणून ठेवलाय. पत्त्याच्या रकान्यात इथला पत्ता लिहू की गावचा, एवढंच अजून ठरत नाहीये.