‘का’ आपसूक येतं, ‘कशावरून’ शिकवावं लागतं

कराडला प्रीतिसंगमाच्या बाजूला, घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आमचा कट्टा. रविवारी संध्याकाळी चार-पाच जण तरी असतोच. मी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सातवीचा वर्ग घेतो, म्हणून इथं माझं नाव ‘मास्तर’. परवाचा वाद माझ्यामुळंच पेटला आणि अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतोय.

मी खिशातून एक कागद काढला. त्यावर माझ्या वर्गातल्या पोरांचे प्रश्न होते. फळ्यावर मी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयना परिसरात मोठा भूकंप झाला.’ आणि सांगितलं, आज उत्तरं नाहीत. तुम्ही द्यायची नाहीत, मीही देणार नाही. फक्त प्रश्न, सुचतील तितके. कुणाच्या प्रश्नाला हसायचं नाही, चांगला की वाईट म्हणायचं नाही. जो जसा विचारेल तसाच, शब्द न बदलता लिहायचा.

सुरुवातीला आले ते ठरलेलेच. किती रिश्टरचा? किती माणसं गेली? किती वाजता? मग सगळं थांबलं. अशा वेळी आम्हा शिक्षकांची जीभ वळवळते. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७०च्या दशकात वर्गावर्गांत बसून मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतो. तीन सेकंद थांबला तर पोरं जास्त बोलतात, कारणं देतात, स्वतःहून प्रश्न काढतात. मी तोंड मिटून उभा राहिलो. मग एकजण म्हणाला, “धरण आधी की भूकंप आधी?” दुसरा म्हणाला, “धरणात पाणी भरलं म्हणून झाला म्हणतात, ते कशावरून?” आणि वर्षभरात क्वचितच तोंड उघडलेली मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “धरणाच्या आधी इथं भूकंप व्हायचे नाहीत म्हणतात. पण तेव्हा मोजायचं यंत्र तरी होतं का?”

हे मी कट्ट्यावर वाचून दाखवलं आणि आप्पा एकदम ताठ बसले. १९६७ साली आप्पा नऊ वर्षांचे होते, वडील कोयना प्रकल्पावर कामाला. ती पहाट त्यांनी अंगावर घेतलेली आहे. पण ते काही बोलायच्या आत क्लासवाले सर मध्ये पडले.

“मास्तर, छान आहे सगळं. पण माझ्याकडं मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेची पोरं आहेत. १८० मिनिटांत १८० प्रश्न. एका प्रश्नाला एक मिनिट. प्रश्न विचारायला शिकवू कधी? त्यांना उत्तरं द्यायचीत.”

मी म्हणालो, “तुमच्याकडं पोरं डाऊट विचारतात ना? त्यातली हुशार तुम्ही कशावरून ओळखता?”

सर थोडा वेळ गप्प राहिले. माणूस प्रामाणिक आहे. म्हणाले, “बहुतेक पोरं म्हणतात, ही स्टेप कळली नाही. एखादाच विचारतो, सर, हे सूत्र कुठं चालत नाही? गतीची समीकरणं शिकवून झाली की एखादी पोरगी विचारते, त्वरणच बदलत असेल तर? तिथं मला कळतं, हिला कळलंय.”

“मग हा दुसऱ्या जातीचा डाऊट सगळ्यांना विचारता येईल, असं आठवड्यातून दहा मिनिटं करा की.”

“दहा मिनिटं म्हणजे दहा प्रश्न, मास्तर.”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या पोराचा वेळ खरोखर मोजका असतो. म्हणून तर मला हे सातवीत करायचंय, बारावीची वाट बघत बसायचं नाही.

वकीलसाहेबांचा मुद्दा वेगळा होता. ते म्हणाले, “आमच्याकडं उलटतपासणीचा एक दंडक आहे. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत नाही, तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही.”

मला वाटतं, त्यांनी आमच्या शाळांचं दुखणं एका वाक्यात सांगितलं. शिक्षक वर्गात वकिलासारखेच प्रश्न विचारतो. उत्तर त्याला माहीत असतं, पोरांनाही ठाऊक असतं की ते याला माहीत आहे. मग प्रश्न म्हणजे चौकशी उरत नाही, झडती होते. आणि ज्या पोरानं सात वर्षं फक्त झडती पाहिली, त्याला प्रश्न विचारणं म्हणजे आपलं अज्ञान चव्हाट्यावर मांडणं वाटतं. तो कशाला हात वर करील?

सरांनी मग ब्लूम काढला. बी.एड., डी.एड. केलेल्या प्रत्येकाला तो माहीत असतो. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांची शिकण्याच्या पायऱ्यांची १९५६ची वर्गवारी, २००१ साली सुधारली. आठवणं, समजणं, वापरणं, सुटं करून पाहणं, पारखणं, नवं घडवणं. सर म्हणाले, “सोपं आहे. ‘कोण, कधी, किती’ हे खालचे प्रश्न. ‘का, कसं’ हे वरचे. पोरांना ‘का’नं सुरू करायला शिकवा.”

इथं माझा आवाज चढला, कारण ही समजूत मी प्रशिक्षणांतसुद्धा ऐकत आलोय. प्रश्नाची पातळी त्याच्या पहिल्या शब्दात नसते. उत्तर शोधताना डोक्याला काय करावं लागतं, त्यात असते. ‘शास्त्रीय कारणे द्या’ हा ‘का’चाच प्रश्न ना? पण चार ओळींचं कारण पाठ असलं की तो आठवण्याच्या पायरीवर येऊन बसतो. दहावीच्या मराठीत ‘स्वमत’ आहे, म्हणजे मुलानं स्वतःचं मत लिहायचं. त्याचीही तयार उत्तरं गाईडात मिळतात आणि पोरं ती पाठ करतात. उलट माझ्या त्या मुलीचा प्रश्न बघा. ‘यंत्र होतं का?’ उत्तर हो किंवा नाही, एका शब्दाचं. पण त्या एका शब्दावर सगळा दावा उभा राहतो किंवा ढासळतो. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरायला लागला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. धक्के जाणवायला लागल्यावर परिसरात भूकंपमापकं बसवली गेली. मग त्याच्या आधी बारीक धक्के नव्हतेच, हे छातीठोकपणे कसं म्हणायचं? तिला हे काहीच माहीत नव्हतं. पण ‘नाही’ म्हणायलाही पुरावा लागतो, हे तिनं बरोबर पकडलं.

आणि हा पोरखेळ नाही. कराडजवळ हजारमाचीला भूकंपांच्या अभ्यासाची केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या खोऱ्यात गोठण्याला जमिनीत सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलंय. पाणी साठण्याशी इथल्या भूकंपांचा संबंध शास्त्रज्ञ आज मानतात, पण खाली नेमकं काय घडतं हे बघायला अजून खोदतायत. माझ्या शाळेपासून हे सगळं एसटीच्या अंतरावर आहे.

आप्पांनी शेवटी तोंड उघडलं. “आरं, पण प्रश्न शिकवायचा कशाला? तीन वर्षांचं पोर दिवसभर ‘का, का’ करून जीव नको करतं. शाळाच ते मारती. तुम्ही फक्त मारू नका.”

अर्धं खरं आहे. ‘का’ आपसूक येतं. ‘कशावरून’ येत नाही. ‘का’ विचारणारं पोर मोठ्या माणसाचं उत्तर घेतं आणि पुढं पळतं. त्या उत्तरालाच थांबवून ‘तुम्हाला हे कसं कळलं’ विचारायला धीर लागतो, सवय लागते, आणि विचारल्यावर कानाखाली बसणार नाही ही खात्री लागते. ही तिन्ही शाळेतच द्यावी लागतात.

त्यावर वहिनी बोलल्या. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान त्यांचं, दुकानातूनच आमचं ऐकत असतात. “भाऊजी, शाळेत द्याल हो. घरी काय? माझी मुलगी परवा आजीला म्हणाली, चार दिवस देवघरात का जायचं नाही, हे कुणी ठरवलं? लगेच, ‘उलट उत्तर देतेस?’ तिनं तर प्रश्न विचारला होता. आपल्याकडं पोरीच्या प्रश्नालाच उत्तर म्हणतात, तेही उलट!”

कुणीच काही बोललं नाही. मला मुक्ता साळवे आठवली. पुण्यात फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्म कोणता, असं तिनं त्यात विचारलं. तिचं शिक्षण सारं तीन वर्षांचं. ब्लूमचा जन्म व्हायला अजून अर्धशतक होतं. मी हे सांगितलं तेव्हा वहिनींनी ते नाव बिलाच्या मागं लिहून घेतलं.

मी त्यांना आणखी एक सांगितलं, कारण ते त्यांच्याच कामाचं होतं. पोरांना दिलेले ते नियम माझे नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावात गरीब पालक शाळेच्या सभांना येत नव्हते. कारण विचारलं तर म्हणाले, तिथं काय विचारायचं तेच आम्हाला कळत नाही. त्यातून प्रश्न तयार करायला शिकवण्याची ही रीत निघाली. वहिनी म्हणाल्या, “पालकसभेत मी पण गप्पच बसते. सह्या करून येते.”

वकीलसाहेब मात्र ऐकेनात. “परीक्षा बदलत नाही तोवर हे सगळं हौशी.” मी होशंगाबादचं उदाहरण दिलं. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. तिथं परीक्षाही बदलली होती, पुस्तक-वही घेऊन बसायची मुभा होती. पोरं ‘सवालीराम’ नावाच्या पात्राला पत्रं लिहून मनातलं विचारायची. “पुढं?” वकीलसाहेबांनी विचारलं. २००२ साली राज्य सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. “बघा,” ते म्हणाले. मी म्हणालो, “तीस वर्षं चालला, हेही बघा.” इथं आमचं जुळलं नाही, ते तसंच राहू दे.

उठताना कागद मी घडी घालत होतो. पोरांनी त्या दिवशी प्रश्नांचे तीन ढीग केले होते, नावंही त्यांचीच: पुस्तकातले, घरचे आणि भांडणाचे. भांडणाच्या ढिगात सगळ्यात वर होता, ‘जमीन आमच्या गावाची गेली, वीज कुणाला मिळाली?’ घरच्या ढिगात तो यंत्राचा. मुलीचं म्हणणं होतं, यंत्र नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, त्यांच्या आजीला कधी भांडी हललेली आठवतात का.

आप्पांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून परत वाचला.

“माझी आजी कोयनेकाठच्या हेळवाकची,” ते म्हणाले. “धरणाच्या लई आधीची. ती काय सांगायची ते आठवतंय का बघतो. शाळा किती वाजता भरती तुझी?”