प्रिझमच्या चष्म्याने लुळा हात उठत नाही

अर्धांगवायूने डावा हात लुळा पडलेल्या आमच्या मामाजींनी परवा फिजिओथेरपीच्या ताईंना फोन करून सांगितलं, ‘‘आता येऊ नका, मी चष्मा मागवून राहिलो.’’ प्रतापनगरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा कारण कळलं. व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज. दृश्य एका बाजूला सरकवणारा प्रिझमचा चष्मा लावा, रोज दहा मिनिटं समोरच्या खुणेला बोट लावा, एकवीस दिवसांत लुळा हात चालू लागेल. चष्मा काढल्यावर हात उलट बाजूला गेला तर रोग बाहेर पडतोय असं समजा. नेम चुकत राहिला तर इच्छाशक्ती कमी. आणि हे म्हणे नासाचं संशोधन!

नासा १९५८ सालची. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने प्रिझम लावून बोट नेण्याचा हा प्रयोग १८६७ पर्यंत लिहूनही ठेवला होता.

हात उलट बाजूला जातो, हे खरं. पण तो माझाही जाईल, तुमचाही जाईल. चष्म्याने सगळं उजवीकडे सरकलेलं दिसतं, म्हणून हात आधी उजवीकडे चुकतो. चूक दिसली की मेंदू प्रत्येक वेळी हात थोडा डावीकडे वळवतो आणि काही वेळाने नेम बसतो. चष्मा काढला तरी ती सवय लगेच जात नाही, म्हणून हात डावीकडे जातो. यात रोग कुठून आला?

आता अर्धांगवायूचं. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. १९९८ साली रोसेट्टी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास छापला. पक्षाघातानंतर काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, पण ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तशीच राहते. अशा रुग्णांनी १० अंशांचा प्रिझम लावून सुमारे ५० वेळा खुणेकडे बोट नेलं, आणि नंतर निदान दोन तास त्यांचं डावीकडचं लक्ष सुधारलं. नंतरच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. आणि ते बोट कोणत्या हाताचं होतं? उजव्या, म्हणजे धड हाताचं. लुळा हात खुणेपर्यंत पोचतच नाही, तर त्याची चूक मेंदू सुधारणार कशी? मामाजी ताट दोन्ही बाजूंनी स्वच्छ करतात. त्यांचा त्रास लक्षाचा नाही, डाव्या हातातल्या ताकदीचा आहे.

सगळ्यात संताप येतो तो इच्छाशक्तीवाल्या ओळीचा. मामाजी मला म्हणाले, ‘‘माझंच मन कच्चं असंल.’’ २००६ साली माझोनी आणि क्राकावर या संशोधकांनी हात कुठे आहे ते दाखवणारा पडद्यावरचा ठिपका हाताच्या दिशेपासून ४५ अंश फिरवला आणि लोकांना युक्तीही सांगून टाकली: शेजारच्या खुणेवर नेम धरा. चूक लगेच गेली. पण पुढे हात हळूहळू पुन्हा चुकायला लागला, कारण मेंदू युक्तीला न जुमानता आपली दुरुस्ती करतच राहिला. म्हणजे ठरवूनही ती थांबवता येत नाही. उलट लहान मेंदूला (हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागाला) इजा झालेल्यांना ही दुरुस्ती नीट जमत नाही, हे १९९६ साली प्रिझम लावून मातीचे गोळे फेकायला लावलेल्या प्रयोगात दिसलं. त्यांना काय, इच्छा नव्हती?

मामाजी, ताईंना मी पुन्हा बोलावलंय. उद्या सकाळी आठला येतील. चष्म्याची ऑर्डर तेवढी रद्द करा.