खुलासा : दही-ताकाने पार्किन्सन बरा होत नाही, गोळ्या थांबवू नयेत

‘पार्किन्सन हा मेंदूचा नव्हे, आतड्यांतील जिवाणूंचा आजार आहे, रोज दही-ताक घेतल्यास गोळ्या बंद करता येतात,’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील आतड्यांचा उल्लेख निराधार नाही, आणि म्हणूनच तो अनेकांना पटतो.

बऱ्याच रुग्णांना हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी बद्धकोष्ठता जाणवते. २०१६ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी दाखवले की, पार्किन्सनमध्ये मेंदूच्या पेशींत साचणारे अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन जादा तयार करणाऱ्या उंदरांना जिवाणूविरहित वातावरणात वाढवल्यास त्यांच्या हालचालींतील बिघाड कमी राहतो, आणि रुग्णांच्या आतड्यांतील जिवाणू त्यांना दिल्यास तो वाढतो. मात्र हा प्रयोग मुद्दाम तसे घडवलेल्या उंदरांवरचा होता, दह्याने माणूस बरा झाल्याचा नव्हे. रुग्णाच्या हालचाली मंदावतात त्या मेंदूतील डोपामिन (हालचालींवर नियंत्रण ठेवण्यास मदत करणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे, आणि ताकाने त्या परत येत नाहीत.

सर्वाधिक काळजी वाटते ती गोळ्या थांबवण्याच्या सल्ल्याची. लेवोडोपा हे पार्किन्सनवरील प्रमुख औषध एकाएकी बंद केल्यास तीव्र ताप, शरीर ताठरणे आणि जिवावर बेतणारी गुंतागुंत उद्भवू शकते. दही जरूर खावे. मात्र त्यातील प्रथिनांमुळे या औषधाचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून दोन्हींत किती अंतर ठेवायचे हे डॉक्टरांना विचारावे.

कृपया हा संदेश पुढे पाठवू नये, आणि आधीच पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.